दीड युनिट जास्त

१५ फेब्रुवारी २००४, रविवार

ही वही नवी. जुन्या वह्यांत नुसते आकडे आहेत, तिथे चिडचिडीला जागा नाही. आणि ती कुठे उतरवली नाही, तर मी ती कमलावहिनींच्या आमटीवर उतरवतो. म्हणून हा उद्योग.

काल समितीचं पत्र आलं. माझ्या गाडीला अनुदान नाही, हे ठाऊकच होतं. पण खाली एका उंटावरच्या शहाण्याने शेरा मारलाय: 'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.' पंधरा वर्षं तंत्रनिकेतनात वीज शिकवली, आता हे मला म्यान शिकवणार. गोष्ट साधी आहे. गाडीत पेट्रोलचं इंजिन आणि जोडीला विजेची मोटार. ब्रेक लावला की गाडीची धाव उष्णता होऊन फुकट जाते. माझ्या गाडीत त्या वेळी मोटार उलटं काम करते, वीज तयार करते आणि बॅटरीत भरते. वळणातून बाहेर पडताना तीच वीज गाडीला रेटा देते. बस, एवढंच. यात तलवार कुठे आली?

९ मेला कर्नाटकात एका जुन्या धावपट्टीवर बारा तासांची शर्यत आहे, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. प्रत्येक गाडीला पेट्रोल मोजून मिळणार. जी जास्त फेऱ्या मारील ती पहिली. जिंकलो तर हातच्या कंकणाला आरसा लागणार नाही.

आम्ही तिघं आहोत. एक मी. दुसरे मिरकरवाड्याचे जैनुद्दीनभाई. वीस वर्षं आखातात ट्रेलर चालवले, आता मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं बघतात. तिसरी माझी पुतणी, कमलावहिनींची मुलगी सावनी. दादा आजारी पडला तेव्हापासून हापूसच्या पेट्यांचा टेंपो वाशीला तीच न्यायची, एकटी, झोप न काढता. दादाला जाऊन तीन वर्षं झाली. पोरगी तेवीस वर्षांची आहे, वजन साडेचोपन्न किलो, शर्यतीला अगदी योग्य. वहिनी म्हणतात, भावोजी, तिच्यासाठी स्थळं बघा. मी म्हटलं, मे महिना होऊ द्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

चाचणीला जागा मिळाली. चिऱ्याच्या खाणींपलीकडे सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, कुण्या कंपनीने कारखान्यासाठी जमीन घेतली होती. आत अडीच किलोमीटरचा गोल डांबरी रस्ता केला आणि गाशा गुंडाळला. आता तिथे काळा कातळ, करवंदीच्या जाळ्या आणि गुरं.

खालच्या वाडीतली माणसं आडवी आली. सड्याला राखणदार आहे म्हणे. तिथे नवं काम काढायचं तर त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालावं लागतं आणि काम ज्याचं तो माणूस गाऱ्हाण्याला समोर उभा लागतो. गाऱ्हाणं घालणारा सखाराम सत्तरीचा, फार कमी बोलणारा. "तुमी उभं ऱ्हावा मास्तर," म्हणाला, "ज्याचं काम त्यानं उभं ऱ्हावं."

मी जन्मभर पोरांना सांगत आलो की दगडाला काही कळत नाही. आता पन्नाशीत नारळ घेऊन दगडापुढे उभा राहू? शिवाय ब्रेकचा पाइप गळत होता. मी गाडीखालूनच सांगितलं, "जा गं सावने, माझ्या जागी तू उभी राहा. आटप लवकर."

सखाराम थांबला. "तिच्या नावानं घालू? चालंल?"

"न चालायला काय झालं?" मी म्हटलं.

गाडीखाली ऐकू आलं तेवढं गंमत म्हणून उतरवतो. "बा म्हाराजा, सड्याच्या राखणदारा, आज चारुदत्त मास्तराच्या जागी ही त्याची पुतणी तुज्या म्होरं उभी हाय. हिच्या गाडीला कुठं उणं पडू देऊ नको. जा काय लागंल ता (म्हणजे जे लागेल ते) हिच्याकडून मानून घे." वाडीची माणसं एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा." सावनीचाही आवाज त्यात होता. जैनुभाई बाजूला हात बांधून उभे होते. तेवढ्यात माझा पाइप बसला आणि गळती थांबली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली चाचणी. चाचण्या भर दुपारीच घ्यायच्या असं ठरवलंय, कारण मे महिन्यात बॅटऱ्या किती तापतील तेच बघायचंय. बारानंतर वाडीतलं कुणी सड्यावर फिरकत नाही. गुरंसुद्धा आपली आपण खाली उतरतात. तेव्हा रस्ता मोकळा.

तासभर गाडी पळाली. माझ्या गणिताप्रमाणे तासाभरात ब्रेकमधून दोन युनिट वीज परत मिळायला हवी. मीटरने साडेतीन दाखवली.

मीटर बदलला. जैनुभाईंच्या ओळखीने बंदरावरचा चांगला मीटर आणला. तासभर पुन्हा गाडी फिरवली. साडेतीन.

२ मार्च, मंगळवार

पाच चाचण्या झाल्या. दर वेळी दीड युनिट जास्त. एकदाही सव्वा नाही, पावणेदोन नाही. यंत्र इतकं नेमकं वागत नाही, हे मला कळतं. म्हणून आज जैनुभाईंना बसवलं. तोच रस्ता, तीच दुपार, तेवढ्याच फेऱ्या. मीटरवर दोन युनिट. गणिताप्रमाणे बरोबर दोन. त्यांच्यानंतर सावनी बसली. साडेतीन.

म्हणजे पोरीचा हातगुण आहे. ब्रेकवर पाय कसा ठेवायचा ते तिला उपजत कळतं. ऊर्जा आपोआप होत नाही, कुठून तरी यावी लागते, हे मीच दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहायचो. तर ती सावनीच्या पायातून येते. आजपासून जास्त वेळ तीच चालवील. जैनुभाईंना वाईट वाटेल असं वाटलं होतं. ते नुसतं एवढंच म्हणाले, "मास्तर, दोन येतात ते बरं हाय की. दोन आपल्याला समजतात."

१९ मार्च, शुक्रवार

एक लहानशी गोष्ट लिहून ठेवतो. सड्याच्या पश्चिमेला, समुद्राकडच्या वळणावर, गाडीचा आवाज बंद होतो. कमी होत नाही, बंद होतो. चार-पाच सेकंद काहीच ऐकू येत नाही. मग गाडी पलीकडून निघते आणि आवाज पुन्हा सुरू. त्या वेळात पाखरूही बोलत नाही. वाऱ्याचा परिणाम असणार. जैनुभाई चालवतात तेव्हा वारा पडलेला असतो बहुधा.

सावनीला विचारलं. म्हणाली, "तिथे गार लागतं काका."

"कुठे?"

"वळणावर. माझ्या शेजारी."

गाडीत नियमाप्रमाणे दुसऱ्या माणसाएवढी जागा सोडलेली आहे. तिथे पत्र्याला फट असेल, म्हणून बंद करून घेतली. बॅटऱ्याही गार राहतात, हे विशेष. बाहेर छत्तीस अंश होते, बॅटऱ्या एकतीसला. मला तर आनंदच आहे.

३ एप्रिल, शनिवार

आंब्याच्या वखारीतल्या काट्यावर गाडी आणि सावनी दोघींचं वजन केलं. सावनी साडेएकावन्न. महिन्याभरात तीन किलो कमी. एक किलो कमी करायला मी चौकटीला किती भोकं पाडतो, हे जैनुभाईंना विचारा. पोरीने काही न करता तीन केले.

घरी मात्र वहिनींनी मला धारेवर धरलं. सावनी दोन माणसांचं जेवते आणि अंगाला लागत नाही. उन्हातून येते तरी घाम नाही. दुपारी गोधडी घेऊन निजते. थर्मामीटर लावला तर पारा पंचाण्णवच्या वर चढत नाही. मी म्हटलं, पारा वर गेला तर ताप, खाली असेल तर काळजी कसली? वहिनींनी थर्मामीटर झटकला. "भावोजी, तुम्ही शिकलेले आहात ना?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

तरी मी हयगय केलेली नाही. इंजिनचा धूर आत येतो का, म्हणून बंदरावरून वायू तपासायचं यंत्र आणलं. आत धूर अजिबात नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक. टॉनिक दिलं.

१४ एप्रिल, बुधवार

बाविसावी चाचणी. दीड जास्त. वजन पन्नास आणि वर थोडं.

२७ एप्रिल, मंगळवार

आज मला राग आवरला नाही. सावनी हेल्मेट हातात घेऊन गाडीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "आज जैनुचाचांना घेऊ द्या ना." मी म्हटलं, बारा दिवस उरलेत, आता नखरे नकोत. जैनुभाईंनी दोन्ही बाजूंनी बोलायचा प्रयत्न केला. मी त्यांनाही सोडलं नाही. म्हटलं, पंधरा वर्षं लोक माझ्यावर हसले, आता तोंडाशी आलेला घास मी कुणाच्या कंटाळ्यासाठी सोडणार नाही.

ती बसली. तासभर चालवली. समुद्राकडच्या वळणावर आज आवाज दहा सेकंद गेला होता. मी घड्याळ लावून मोजला.

परत आली तेव्हा तिला हात धरून उतरवावं लागलं. हात बर्फाच्या लादीवरची मासळी धरावी तसा गार होता. म्हटलं, तुला पंख्याचा वारा फार लागतो वाटतं. गाडीत पंखा नाही, हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

८ मे, शनिवार

मुक्काम धावपट्टीजवळ. उद्या चौदा गाड्या. काही तर मोठ्या कंपन्यांच्या, एकेकीबरोबर पंधरा-पंधरा माणसं सारख्या टोप्या घालून. आमच्या गाडीवर रंगही दोन प्रकारचा आहे. वजनं झाली. सावनी साडेएकोणपन्नास. मोजणाऱ्या माणसाने काटा दोनदा पाहिला, आणि मग तिच्याकडे. "पोरगी आजारी आहे का?" त्याने हिंदीत विचारलं. मी म्हटलं, कोकणातली माणसं काटकच असतात.

नियम असा, की एका चालकाने आठ तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. चार तास जैनुभाई, आठ तास सावनी. जैनुभाईंचे चार मी मधल्या वेळेत ठेवलेत. शेवट सावनीचा.

१० मे, सोमवार

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. सगळं लिहिणार आहे. मला चांगलं म्हणवून घ्यायचं असतं तर वही घेतलीच नसती.

आम्ही जिंकलो. आधी तेच लिहून टाकतो.

सकाळी सहाला सावनी निघाली. दहापर्यंत आम्ही चौथे होतो. मग चार तास जैनुभाई. त्यांनी गाडी अगदी माझ्या गणिताप्रमाणे चालवली. आम्ही पाचवे झालो, पण पेट्रोल राखलं. दोनला पुन्हा सावनी बसली आणि मीटर वेडा झाला. सड्यावर तासाला दीड युनिट जास्त यायची, इथे आठ यायला लागली. जितकी मागावी तितकी. तीन वाजता आम्ही दुसरे. साडेतीनला पहिले.

त्या सुमारास शेजारच्या तंबूतला एक इंजिनिअर माझ्याकडे आला. म्हणाला, आमचा चालक विचारतोय, तुमच्या गाडीत दोघं बसतात का? त्याने ओलांडताना पाहिलं म्हणे. मी म्हटलं, नियमात एकच आहे. तो हसला नाही.

चार वाजता सावनी पेट्रोलला आली. चाळीस अंश ऊन होतं, डांबर पायाखाली मऊ लागत होतं. मी पाण्याची बाटली दिली. तिची बोटं माझ्या मनगटाला लागली आणि मी हात मागे घेतला. काचेतून तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "बाबांना सांगा, वाशी आली की फोन करते." आणि गेली.

मी खाली बसलो. समोर कालची वजनाची पावती होती आणि चाचण्यांची वही. कुणी सांगितलं नाही, कुठून सुचलं नाही, मी आपला आकडे मांडत गेलो, मला दुसरं येतं काय? सावनीच्या एकतीस चाचण्या, दर वेळी दीड युनिट जास्त. साडेसेहेचाळीस युनिट. माणसाच्या अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. साडेसेहेचाळीस भागिले नऊ म्हणजे पाच किलो आणि वर थोडं. साडेचोपन्नातून साडेएकोणपन्नास गेले की पाच.

आयुष्यात माझा इतका चोख ताळा कधी जमला नव्हता. ऊर्जा कुठून तरी यावी लागते. ती सावनीच्या पायातून येत नव्हती. ती सावनीतून येत होती. आणि पंचाण्णवच्या पुढे न चढणारा पारा मी रोज जेवताना ऐकत होतो.

जैनुभाई मागे येऊन उभे राहिले होते. त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला नाही. हेल्मेट डोक्यावर चढवत म्हणाले, "मास्तर, बोर्ड दाखवा. पोरीला आत घ्या. मी बसतो." त्यांचे चार तास ठरले होते ते फक्त माझ्या मर्जीने, नियमाने त्यांना आणखी चालवता आलं असतं. पण त्यांच्या हातात गाडी दोन युनिटची होती. आम्ही तिसरे आलो असतो, कदाचित चौथे.

मी आत बोलावण्याचा बोर्ड उचलला आणि कठड्याशी जाऊन उभा राहिलो. गाडी आली. बोर्ड माझ्या पायाशी होता. गाडी गेली. म्हटलं, पुढच्या फेरीला. ती आली आणि गेली. आमच्यासमोरच्या सरळ रस्त्यावरून जाताना तिचा आवाज येत नव्हता. बाकी तेरा गाड्यांचा येत होता. जैनुभाई माझा हात ओढत होते, आणि मी त्यांना ढकललं, हेही लिहितो. सव्वाचार ते सहा. सत्तेचाळीस फेऱ्या. सत्तेचाळीस वेळा ती माझ्यासमोरून गेली, मला सगळं माहीत होतं, आणि मी बोर्ड उचलला नाही.

सहाला झेंडा पडला. सावनीला चौघांनी उचलून बाहेर काढलं. एकाने तिच्या नाकाशी हात धरला. श्वास आहे म्हणाला. मग दुसरा एक जण हौसेने बॅटरीचा मीटर बघून ओरडला की बारा तासांनंतर ही भरलेली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

१३ मे, गुरुवार

घरी आणली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. श्वास चालू आहे, नाडी मंद, डोळे मिटलेले. पारा चौऱ्याण्णवाच्या खाली गेलाय, थर्मामीटरच्या रेघा तिथे संपतात. वजन पंचेचाळीस. वहिनींनी विटा तापवल्या, मोहरीचं तेल चोळलं, गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. मी विजेची शेगडी लावली. खोलीत आपल्याला बसवत नाही, आणि तिच्या हाताला ऊब लागत नाही. तापवलेली वीट तिच्या पायाशी ठेवली की पाच मिनिटांत गार होते.

समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. अभिनंदन, व्याख्यान द्या, जुनं विसरा. पंधरा वर्षं मी या फोनची वाट पाहिली. मी 'हो हो' म्हणून ठेवून दिला.

वहिनींना मी सगळं सांगितलं, सत्तेचाळीस फेऱ्यांसकट. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं ताट वाढून ठेवलंय." मला त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

१५ मे, शनिवार

जैनुभाई आज स्वतःहून आले. शर्यतीनंतर माझ्याशी बोलले नव्हते. दारातच म्हणाले, "गाडीच्या बॅटरीत किती हाय?"

"सहा युनिट."

"मग ते कोणाचं? जिचं हाय तिला द्या."

बॅटऱ्या त्यांच्या टेंपोत घालून मांडवीला घरी आणल्या. शेगडीची कॉइल कापून जोडली आणि तिच्या पायाशी ठेवली. कॉइल लाल झाली. खोली तापली नाही. मी तोंडाजवळ हात धरला तर धगही लागेना. पण दहा मिनिटांनी वहिनींनी थर्मामीटर लावला आणि पारा चौऱ्याण्णवाच्या रेघेवर आला. मग पंचाण्णव. दुपारपर्यंत शहाण्णव. सावनीने कूस बदलली. गेल्या सहा दिवसांत पहिल्यांदा. वहिनी तिच्या पायाला हात लावून बसून राहिल्या.

संध्याकाळी सहा युनिट संपली. पारा शहाण्णववरून हळूहळू उतरायला लागला. शर्यतीच्या दिवशी मी तिच्यातून काढली असतील चाळीस युनिट, आणि उरली होती सहा. बाकीची मी जिंकण्यात घालवली.

१७ मे, सोमवार

सखारामाकडे गेलो. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तिथे ओट्यावर बसलो आणि नुसतं म्हणालो, "सखारामदादा, मी उभा राहायला हवं होतं."

"मी तवाच बोललो व्हतो," तो म्हणाला. बोलण्यात टोचणी नव्हती.

गाऱ्हाणं मागे घेता येईल का, विचारलं. नाही म्हणाला. दिलेला शब्द मागे येत नाही. पण एकावर दुसरं चढवता येतं. ज्याचं काम त्याने आता तरी येऊन उभं राहावं आणि आपल्या तोंडाने सांगावं. मी विचारलं, तो ऐकेल का? सखाराम म्हणाला, "ता मला काय ठावं? मी नुसता बोलणारा."

भर दुपारी सड्यावर नारळ घेऊन दगडापुढे उभा राहिलो. वाडीची माणसं आली. त्यांच्यातली तीन पोरं माझ्याच हाताखाली शिकलेली निघाली. कुणी हसलं नाही. सखाराम म्हणाला, "बा म्हाराजा, आज काम ज्याचं तो मास्तर जातीनं उभा हाय. पोरीकडून घेतलंस ता लई झालं. आता जा काय लागंल ता ह्याच्याकडून मानून घे."  सगळ्यांच्या आधी मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

१८ मे, मंगळवार

बॅटऱ्या पुन्हा गाडीत बसवल्या आणि मी चालवली. मला गाडी बनवता येते, चालवता येत नाही. जैनुभाई मोरीच्या कठड्यावर बसून बघत होते. "दुसऱ्यात आहे गिअर, तिसऱ्यात टाका ओ," असं ओरडत होते. तासभर फिरलो. समुद्राकडच्या वळणावर काही नाही. ऊन, करवंदी, इंजिनचा आवाज. मी इतका हळू चालवतो, की गणिताप्रमाणे फक्त अर्धं युनिट यायचं होतं. मीटरवर अर्धं युनिट आलं. नेमकं.

माझं गणित बरोबर आलं आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. असं कधी झालं नव्हतं.

सावनीचा पारा पुन्हा रेघांच्या खाली.

१९ मे, बुधवार

अर्धं युनिट.

२० मे, गुरुवार

अकराव्या फेरीला समुद्राकडच्या वळणावर आवाज गेला. इंजिन चालू होतं, हाताखाली थरथर होती, पण ऐकू काही येईना. मग डाव्या बाजूला, मोकळ्या जागेत, गारवा आला. बाहेरचा गारवा नव्हे, कुणी जवळ बसलं की जी ऊब लागते तिच्या उलट. मी तिकडे बघितलं नाही. पोरगी अडीच महिने या वळणावरून जात राहिली, आणि मी फट बुजवली. मी ब्रेकवर पाय ठेवला. पायाखालचा ब्रेक माझ्याआधीच दाबलेला होता.

तासाभराने मीटर पाहिला. दोन युनिट. दीड जास्त.

जैनुभाईंना हात वर करून दोन बोटं दाखवली. ते उठून धावतच आले. माझा हात त्यांनी हातात घेतला आणि सोडला नाही, गार लागत असूनही.

दोन युनिट सावनीच्या पायाशी लावली. पारा पंचाण्णव.

२६ मे, बुधवार

रोज दुपारी सड्यावर, रोज तिसऱ्या प्रहरी मांडवीला. माझं वजन एकाहत्तर होतं, आता सत्तर. चाळीस युनिट परत द्यायची तर चार-साडेचार किलो जातील, आधीच्या पाच किलोंचा हिशेबही उरतो. जैनुभाई म्हणतात, मास्तर, तुमच्या पोटाला ते कळणारही नाही. काल सावनीने पेजेचे चार चमचे गिळले. मला दुपारची गोधडी लागते. वहिनींनी आणून दिली. त्या माझ्याशी अजून फारसं बोलत नाहीत. पण काल ताटात मासा मोठा होता.

अध्यक्षांचं व्याख्यानाचं पत्र आलं. उत्तर लिहिलं, की गाडीतली जादा वीज माझ्या यंत्राची नव्हती, सबब मला व्याख्यान देता येणार नाही. शर्यत भरवणाऱ्यांनाही तेच लिहिलं आणि चषक जैनुभाईंच्या हाती परत पाठवला. आता ते लोक पुन्हा हसतील. हसू देत.

२ जून, बुधवार

पारा सत्त्याण्णव.

मी शेगडीची वायर जोडत होतो. मागून आवाज आला, "काका, किती वाजले?"

सावनी डोळे उघडून बघत होती. वहिनी विहिरीवर होत्या. मी सांगितलं, चार वाजले. तिने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "तुम्ही वाळलात." मी म्हटलं, उन्हाळा आहे. तिला फेब्रुवारीतलं आठवतं, सखारामासमोर उभी राहिली होती ते आठवतं, पहिल्या एक-दोन चाचण्या आठवतात. पुढचं काही नाही.

"शर्यत कधी आहे?" तिने विचारलं.

तीन महिने जे सांगायची मी वाट पाहिली ते ओठांवर आलं होतं. चौदा गाड्यांत पहिली. मोठ्या कंपन्या मागे. सगळं तू केलंस. मी म्हटलं, "रद्द झाली."

"खरंच?"

"खरंच."

तिने मोठा श्वास सोडला आणि उशीवर डोकं टेकलं. "बरं झालं," म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून त्या गाडीची भीती वाटायची काका. पण तुम्ही इतके खुशीत होतात."